भरपाई मागायला लाजू नका

अपघातात गेलेल्या माणसाचे दिवसकार्य आटोपून पाहुणे पांगले की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते: "माणूसच गेला, आता पैसे घेऊन काय करायचे?" बोलणारा मनापासून बोलत असतो, आणि त्या दुःखापुढे वाद घालणे अवघड असते. पण त्याच घरात सातवीतली मुलगी असते, रोजच्या गोळ्यांवर जगणारी आजी असते, पतसंस्थेचा हप्ता थकलेला असतो. भरपाई ही गेलेल्या माणसाची किंमत नाही. तो असता तर त्या घरात जे आले असते, त्याचा कायद्याने मांडलेला तो हिशेब आहे. रस्त्यावरच्या मोटार वाहनांना विमा सक्तीचा केला आहे तो याच हिशेबासाठी. तुम्ही ती रक्कम मागितली नाही, तर त्यात फक्त विमा कंपनीचा फायदा होतो.

दुसरा संकोच ड्रायव्हरबद्दलचा असतो. "तोही गरिबाचा पोरगा, त्याचे कशाला वाटोळे करायचे?" ही माणुसकी खरी आहे, पण इथे ती चुकीच्या जागी खर्च होते. ड्रायव्हरवरचा फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा हे दोन वेगळे रस्ते आहेत. गाडीचा विमा चालू असेल तर भरपाई कंपनी देते. फौजदारी खटल्यात ड्रायव्हर निर्दोष सुटला तरी तेवढ्याने भरपाईचा दावा बुडत नाही, कारण दोन्हीकडे पुराव्याची कसोटी वेगळी आहे.

हे दावे वकिलाच्या युक्तिवादापेक्षा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तयार झालेल्या कागदांवर जास्त ठरतात. त्या काळात घरातली जवळची माणसे सुन्न असतात. म्हणून भाचा, जावई, धाकटी बहीण, ज्याचे डोके त्यातल्या त्यात ठिकाणावर आहे अशा एकाकडे फाइल सोपवा, आणि प्रत्येक कागद त्याच्याच हातातून जाऊ द्या.

पहिले काही तास

सुरुवात उपचारापासून. केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी अधिसूचित केलेल्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नामनिर्देशित रुग्णालयात रोख पैसे न भरता मिळू शकतात. ११२ वर फोन करा आणि रुग्णालयात या योजनेबद्दल विचारा. न विचारणाऱ्याला आपणहून सांगणारे कमी असतात. जखमीला उचलून नेणाऱ्या वाटसरूला पोलीस किंवा रुग्णालय नाव-पत्ता देण्याची सक्ती करू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मध्ये त्याला संरक्षण आहे. हे आपल्या गावात, सोसायटीत, कॉलेजात सांगत राहा. 'नसती भानगड' या भीतीने रस्त्यावर थांबलेले हात अजूनही पुष्कळ आहेत.

आता ज्या एका चुकीमुळे असंख्य दावे पांगळे होतात ती. रुग्णालयात दाखल करताना "कसे झाले?" असे विचारतात. पोलिसांची कटकट नको, लवकर दाखल करून घेतील, म्हणून नातेवाईक सांगतात, "गाडीवरून घसरून पडला." तेच केसपेपरवर लिहिले जाते. दोन वर्षांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद पुढे करतो: मागून ट्रकने धडक दिली म्हणता, मग रुग्णालयात घसरल्याचे का सांगितले? म्हणून जे घडले तेच सांगा, वाहनाचा नंबर ठाऊक असेल तर तोही सांगा, आणि एमएलसीची, म्हणजे वैद्यकीय-न्यायिक प्रकरणाची, नोंद झाली आहे ना ते पाहा.

तिसरी गोष्ट 'मिटवून टाकण्याची'. गाडीमालकाची माणसे रुग्णालयात येतात, काही हजार रुपये पुढे करतात, कोऱ्या किंवा टाइप केलेल्या कागदावर सही मागतात. औषधासाठी पैसे घ्यावे लागले तर घ्या, आणि किती घेतले ते लिहून ठेवा. पण 'आमची काही तक्रार नाही' अशा मजकुराखाली सही करू नका. डोक्याला मार लागलेल्या माणसाचे नुकसान किती, ते त्या आठवड्यात डॉक्टरलाही सांगता येत नाही.

पोलीस ठाण्यातले कागद

एफआयआरची प्रत फिर्याद देणाऱ्याला मोफत मिळते. ती घरी नेऊन शांतपणे वाचा. वाहनाचा नंबर, दिशा, वेळ, ठिकाण, जखमी गाडी चालवत होता की मागे बसला होता, हे बरोबर आहे का? चूक दिसली तर लगेच पुरवणी जबाब द्या. घटनास्थळ पंचनामा, वाहनाची आरटीओ तपासणी, मृत्यू झाला असेल तर मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल, गाडीचे आरसी बुक, विमा पॉलिसी आणि ड्रायव्हरच्या परवान्याच्या प्रती एवढे कागद फाइलमध्ये हवेत.

एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवणे, दहा दिवसांत पीडितांना त्यांच्या हक्कांची माहिती देणारा फॉर्म देणे आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणात सादर करणे हे तपास अधिकाऱ्याचे काम आहे. तो अहवाल भरपाईचा अर्ज म्हणूनही धरता येतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात हे नियम पाळण्याबाबत सविस्तर आदेश दिले. तरीही ठाण्यात जाऊन "आमचा सविस्तर अपघात अहवाल गेला का?" असे लेखी विचारा आणि पोच घ्या. लेखी विचारणाऱ्याची फाइल हलते.

सहा महिने

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करण्याला १९९४ पासून बरीच वर्षे मुदतच नव्हती. त्यामुळे "निवांत करू, दोन-तीन वर्षांनीही चालते" असा सल्ला आजही पारावर मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. पण त्या निकालाच्या भरवशावर थांबू नका, सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. मुदत उलटून गेली असेल तर मात्र घरी बसू नका. वकिलाला लगेच भेटा.

अर्ज अपघात झाला तिथेच करावा लागतो असे नाही. अपघात सोलापूर महामार्गावर झाला आणि तुम्ही राहता चिपळूणला, तर आपल्या जिल्ह्यातल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो.

इथे एक मोठा इशारा. कलम १६४ खाली कोणाची चूक हे सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. जुन्या कायद्यात अशी विनादोष रक्कम आधी घेऊन मोठा दावा पुढे चालवता येत असे. आता तसे नाही. विमा कंपनीने देऊ केलेली कलम १६४ ची रक्कम ठरलेल्या पद्धतीने स्वीकारली, तर कलम १६६ चा दावा संपतो. कमावता तरुण माणूस गेलेल्या घराचा हक्क पाच लाखांच्या कितीतरी पट असू शकतो. म्हणून घाईत होकार देण्याआधी पुढचा हिशेब नीट वाचा.

हिशेब कसा होतो

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी, २००९ च्या सरला वर्मा आणि ३१ ऑक्टोबर २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांनी, हा हिशेब बराचसा ठरवून दिला आहे. चौतीस वर्षांचा, स्वतःचे वेल्डिंगचे दुकान असलेला माणूस धरू. महिना कमाई २०,००० रुपये. मागे बायको, दोन मुले आणि आई. वर्षाचे उत्पन्न २,४०,०००. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाचे उत्पन्न पुढे वाढले असते म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे: ३,३६,०००. चार ते सहा माणसे अवलंबून असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा करायचा: उरले २,५२,०००. एकतीस ते पस्तीस वयाला गुणक १६. गुणाकार येतो ४०,३२,००० रुपये. त्यावर अंत्यविधीचा खर्च आणि पत्नी, मुले, आई यांच्या सहवासाच्या हानीपोटी ठरावीक रकमा, शिवाय अर्जाच्या तारखेपासून व्याज.

कायम नोकरी असेल तर चाळिशीच्या आत वाढ ५० टक्के धरतात. लग्न न झालेल्या मुलाच्या बाबतीत त्याच्या खर्चापोटी निम्मे वजा होते, पण गुणक आई-वडिलांच्या वयावरून धरत नाहीत, मुलाच्याच वयावरून धरतात. वय वाढत जाते तसा गुणक उतरतो. पंधरा ते पंचवीसला १८, पासष्टच्या पुढे ५.

आता याच उदाहरणात वीस हजारांचा पुरावा नाही आणि न्यायाधिकरणाने अंदाजाने दहा हजारच धरले, तर मूळ रक्कम २०,१६,००० वर येते. म्हणजे वीस लाखांहून अधिक रुपये केवळ कागद नसल्यामुळे जातात. पगारपत्रक असलेल्यांना ही अडचण नसते. ती हातावर पोट असलेल्यांची आहे, आणि आपल्याकडे बहुतांश घरे तशीच चालतात. त्यांनी काय दाखवावे? पतसंस्थेतली पिग्मीची पासबुके, दुकानातल्या क्यूआर कोडवर जमा झालेल्या पैशांचा बँक उतारा, शॉप ॲक्ट किंवा उद्यम नोंदणी, माल पुरवणाऱ्याची बिले, रिक्षाचा परवाना आणि बॅज, दूध संघाची बिले, कारखान्याला गेलेल्या उसाच्या पावत्या, अडत्याच्या पट्ट्या, बचत गटातल्या नोंदी. ज्याच्याकडे तो कामाला होता त्या मालकाला किंवा ठेकेदाराला साक्षीला आणा. त्याचा नुसता दाखला फाइलमध्ये जोडून भागत नाही. तो लिहिणारा माणूस न्यायाधिकरणापुढे उभा राहिला तरच त्याला वजन येते. माणूस गेल्यावर घाईने भरलेल्या प्राप्तिकर विवरणपत्राकडे मात्र संशयाने पाहिले जाते.

शेतकऱ्याच्या दाव्यात विमा कंपनी म्हणते, जमीन तर कुटुंबाकडेच राहिली, मग नुकसान कसले? उत्तर असे की जमीन राहिली, पण तिच्यावर राबणारे आणि देखरेख करणारे हात गेले. आता मजूर लावावा लागतो, शेत वाट्याने द्यावे लागते. अपघाताआधीचे आणि नंतरचे उत्पन्न सातबारावरच्या पीकपाहणीसह मांडता आले तर हे दाखवता येते.

आणि घर सांभाळणारी बाई गेली तर? "ती कुठे कमवत होती?" असा प्रश्न घरातलेच लोक विचारतात, याचे वाईट वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या अरुणकुमार अग्रवाल आणि २०२१ च्या कीर्ती प्रकरणांत गृहिणीच्या कामाचे आर्थिक मोल धरलेच पाहिजे असे सांगितले आहे. कीर्ती प्रकरणात तिच्या बाबतीतही भविष्यातली वाढ मिळवता येते हे मान्य झाले. तिचा दावा जरूर करा.

जखमी माणसाचा दावा

मृत्यूच्या दाव्यापेक्षा हा दावा नाजूक असतो. इथे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरचा टक्का आणि कमाईची क्षमता गमावल्याचा टक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे उदाहरणासह समजावले. डावा हात गेला, तर प्रमाणपत्रावर साठ टक्के येतील. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली, आणि कारकून असेल तर कदाचित नोकरी टिकेल. म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरची साक्ष होते तेव्हा 'हा माणूस त्याचे पूर्वीचे काम करू शकतो का' या प्रश्नाचे उत्तर नोंदले गेले पाहिजे.

औषधांची प्रत्येक पावती, फिजिओथेरपीच्या नोंदी, रुग्णालयात ये-जा केलेल्या गाडीचे भाडे, घरी ठेवलेल्या मदतनिसाचा पगार जपून ठेवा. बायको किंवा आई स्वतःचे काम सोडून सेवा करत असेल तर त्याचाही दावा होतो. कृत्रिम पाय बसवला असेल तर तो काही वर्षांनी बदलावा लागतो, तो पुढचा खर्च आजच मागा. नंतर दुसरा दावा करता येत नाही.

विमा नसेल, गाडी सापडली नाही, चूक आपली असेल

धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरी २०२२ च्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज महसूल खात्याच्या उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार दर्जाच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. न्यायालयात जावे लागत नाही.

ड्रायव्हरकडे परवाना नव्हता म्हणून विमा कंपनीने हात वर केले, तरी पुष्कळ प्रकरणांत न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करायला सांगते. पण एक जागा खरोखर धोक्याची आहे, आणि ती खेडोपाडी रोज दिसते. वऱ्हाड घेऊन निघालेला टेम्पो, मजुरांनी भरलेली ट्रॉली. मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या आशा राणी प्रकरणात ठरवले. मग सगळी वसुली मालकाकडून, आणि त्याच्याकडे तो टेम्पो सोडून काही नसते. खाजगी मोटारीत बसलेले किंवा दुचाकीवर मागे बसलेले प्रवासी नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत अडकतात. सर्वंकष पॉलिसी असेल तर सुटतात. पुढचा हप्ता भरताना हे पाहा.

स्वतःच्याच चुकीने गाडी झाडावर आदळली तर थर्ड पार्टीचा दावा होत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, आणि गेलेल्या माणसाच्या पॉलिसीत तो होता का हे घरचे पाहतच नाहीत. कपाटातली पॉलिसी काढून वाचा. दुचाकीवर तिघे होते, एवढ्यावरून विमा कंपनी भरपाई कापायला निघाली तर ते आपोआप मान्य होत नाही. त्या तिसऱ्या माणसामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, हे दाखवावे लागते. एसटीच्या बसने इजा झाली तर दावा महामंडळावरच होतो.

लोकलमधून पडलेला माणूस

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले, तेव्हा सगळीकडे चर्चा झाली ती 'दारात लटकणाऱ्यांची चूक' यावर. कायदा असे बोलत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ नुसार प्रवासी गाडीतून चुकून पडला तर रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही. आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचा गुन्हा, नशा किंवा वेड, आणि नैसर्गिक आजार एवढेच अपवाद आहेत. चढता-उतरताना पडणेही त्यात येते, आणि प्रवाशाचा नुसता निष्काळजीपणा म्हणजे स्वतः करून घेतलेली इजा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या रीना देवी प्रकरणात स्पष्ट केले. मृत्यूची भरपाई १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. अर्ज एका वर्षाच्या आत रेल्वे दावा न्यायाधिकरणात करायचा. त्याची पीठे मुंबईत आणि नागपुरात आहेत.

अडचण येते ती पंचनाम्याच्या एका ओळीत. रुळालगत सापडलेल्या मृतदेहाबाबत 'रूळ ओलांडताना गाडीची धडक' असे लिहिले गेले की दावा अडकतो, कारण रूळ ओलांडणाऱ्याला हे कलम लागत नाही. म्हणून लोहमार्ग पोलिसांकडून पंचनाम्याची आणि स्टेशन मास्तरच्या मेमोची प्रत लवकर घ्या, आणि मजकूर चुकीचा वाटला तर लेखी हरकत नोंदवा. खिशातला पास पंचनाम्यात नोंदवायला लावा. तिकीट मोबाइलवर असेल तर फोन ताब्यात घेताना त्यातल्या तिकिटाचा उल्लेख करवून घ्या. तिकीट सापडले नाही तरी दावा संपत नाही. प्रवास करत होता असे प्रतिज्ञापत्र आणि इतर परिस्थितीवरून ते दाखवता येते.

रुग्णालयात आणि वृद्धाश्रमात झालेली हयगय

रस्त्यावरच्या अपघाताला निदान साक्षीदार असतात. बंद खोलीत, बोलता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची आबाळ होते तिला कोणी नसतो. हा भाग मला सगळ्यात जास्त टोचतो.

पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात आता पैसे घेऊन वृद्धांची शुश्रूषा करणारी केंद्रे पुष्कळ झाली आहेत. मुले बंगळूरला, दुबईला, अमेरिकेत. आई-वडिलांना स्मृतिभ्रंश किंवा पक्षाघात. तिथे ठेवण्यात गैर काही नाही, आणि चांगली, जीव लावून काम करणारी केंद्रे आहेतही. पण या केंद्रांसाठी रस्ता अपघातासारखे वेगळे न्यायाधिकरण नाही. म्हणून आहेत ते कायदे हुशारीने वापरावे लागतात.

पैसे देऊन घेतलेली शुश्रूषा ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली 'सेवा' आहे. वैद्यकीय सेवा तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालापासून त्यात येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यातही करता येते. सेवेसाठी दिलेले पैसे पन्नास लाखांपर्यंत असतील तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे, आणि पाच लाखांपर्यंत असतील तर शुल्कही नाही. ऑनलाइनही दाखल होते, म्हणून परदेशातल्या मुलांनाही हे जमण्यासारखे आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर 'कोणत्याही इजेस संस्था जबाबदार राहणार नाही' असे छापलेले असते. तशी ओळ छापल्याने हयगय माफ होत नाही. घाबरून तक्रार सोडू नका. संस्था पूर्ण मोफत असेल तर मात्र ग्राहक आयोग चालत नाही. तिथे पोलीस, जिल्हा समाजकल्याण कार्यालय आणि ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन.

फौजदारी बाजूही आहे. शारीरिक दुर्बलतेने, आजाराने असहाय असलेल्या माणसाची काळजी घेण्याचा कायदेशीर करार करून ती मुद्दाम टाळली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिक्षा लहान आहे. पण हे कलम आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसते, आणि नोटिशीत त्याचा उल्लेख केला की संस्थेच्या उत्तराचा सूर बदलतो. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर कलम १०६ आहे. डॉक्टरवर मात्र गुन्हा दाखल होण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत लागते, असे जेकब मॅथ्यू निकालाने २००५ मध्ये ठरवले. त्यामुळे डॉक्टरच्या बाबतीत ग्राहक आयोगाचा मार्ग बहुधा जवळचा पडतो.

आबाळ ओळखायची कशी? अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. ती बदलली नाही की माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर आधी लालसरपणा आणि मग जखम होते. भेटीला गेलात तर नुसते तोंड पाहून येऊ नका. चादर बाजूला करून पाठ आणि टाचा पाहा. ओठ कोरडे आहेत का, लघवीचा रंग गडद आहे का, नखे वाढली आहेत का, वजन गेल्या महिन्यापेक्षा उतरले का, दंडावर बोटांचे वळ आहेत का. कधी न सांगता जा, जेवणाच्या वेळी जा. परदेशात असाल तर जवळच्या एका माणसाला हे पाहण्याचा लेखी अधिकार द्या आणि व्हिडिओ कॉलवर पाठ दाखवायला सांगा. केंद्राने टाळाटाळ केली तर तेच पहिले लक्षण समजा.

जखम दिसली तर तारखेसह फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. त्याच दिवशी केंद्राला ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर लिहून कळवा. तोंडी बोललेले कोणी कबूल करत नाही. कूस बदलल्याची नोंद, औषधांचा तक्ता, पाणी-लघवीची नोंद यांच्या प्रती मागा. नोंदणीकृत डॉक्टरने किंवा रुग्णालयाने मागितल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रे दिली पाहिजेत असा नियम आहे, आणि ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. माणसाला दुसऱ्या रुग्णालयात हलवाल तेव्हा दाखल करतानाच अंगावरच्या प्रत्येक जखमेची जागा, आकार आणि खोली केसपेपरवर लिहून घ्या. तिऱ्हाईत डॉक्टरने त्या घटकेला केलेल्या नोंदीइतका मजबूत पुरावा या प्रकरणांत दुसरा नसतो.

खाजगी रुग्णालये आणि नर्सिंग होम यांना महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, १९४९ लागू आहे. त्याच्या २०२१ च्या नियमांत रुग्णांच्या हक्कांची सनद आहे, ती दर्शनी भागात लावलेली हवी. तक्रार महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे, ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकाकडे करता येते. यातून भरपाई मिळत नाही, पण चौकशी होते आणि तिचा अहवाल आयोगापुढे कामी येतो.

वकील, दलाल आणि सही

अपघात विभागाबाहेर ओळख काढून "आम्ही सगळे करतो, मिळेल त्यातले अमुक टक्के द्या" असे सांगणारे भेटतात. भारतात वकिलाला निकालाच्या टक्केवारीवर फी ठरवण्यास आणि अशी कामे शोधत फिरण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. जो पहिल्याच भेटीत नियम मोडतो, त्याच्या हाती घराचे भविष्य देऊ नका. फी ठरवा, ती लिहून घ्या, मूळ कागद स्वतःकडे ठेवून प्रती द्या. भरपाई दावेदाराच्या बँक खात्यात जमा व्हायला हवी. कोऱ्या धनादेशावर किंवा पैसे काढण्याच्या स्लिपवर आधीच सह्या देऊ नका. विधवा सुनेच्या आणि मुलांच्या नावची रक्कम दिरा-भावांनी परस्पर वळवल्याची उदाहरणे दुर्दैवाने कमी नाहीत. अज्ञान मुलांचा वाटा मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश होतो तो याचसाठी. ती ठेव मोडायला कोणी गळ घातली तरी मोडू नका.

लोकअदालतीत तडजोड करणे चांगले, वर्षे वाचतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. जाण्याआधी वर दाखवलेला हिशेब आपल्या आकड्यांनी एका कागदावर मांडा आणि कितीच्या खाली उतरायचे नाही ते घरी ठरवा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असले तरी तिथे वकील मोफत मिळतो. फोनवर विचारायचे असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे.